‘जगात भारी’ इंग्रजीत कसं लिहायचं? दुकानदारासाठी तुलनेचं इंग्रजी



या आठवड्याच्या व्हिडिओत ‘मोर बेटर’ चूक का, हे मी दोन मिनिटांत उरकलं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, “सर, जरा सविस्तर सांगा की, रोज गिऱ्हाईकाला लिहावं लागतंय.” म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा. व्याकरणाचा तास वाटला तरी विषय धंद्याचाच आहे. गिऱ्हाईक दुकानात येऊन करतं काय? तुलनाच करतं. हे मऊ का ते मऊ, हे टिकाऊ का ते, इथं स्वस्त का शेजारी. मराठीत आपण त्याला पटापट उत्तरं देतो. इंग्रजीत लिहायची वेळ आली की गाडी अडते.

माझे चाळीस जोड आणि एक ‘दॅन’

आधी माझी फजिती सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. हैदराबादच्या एका बुटीकवाल्या मॅडमना मी कोल्हापुरी चपलेचा एक जोड सॅम्पल म्हणून पाठवला. तो जोड दुकानात कित्येक महिने मांडून ठेवलेला, तेल पिऊन पिऊन मऊ झालेला. त्यांना आवडला. चाळीस जोडांची ऑर्डर आली.

नवा माल अर्थातच कडक होता. नवी कोल्हापुरी कडकच असते, पायाला बसायला आणि तेल मुरायला वेळ लागतो. गिऱ्हाईकाला आधीच सांगितलेलं बरं, म्हणून मी व्हॉट्सॲपवर इंग्रजीत लिहिलं:

‘सॅम्पल दॅन न्यू लॉट हार्ड. ओके?’

माझ्या डोक्यात वाक्य होतं, “सॅम्पलपेक्षा नवा लॉट कडक आहे.” त्यांनी वाचलं, “सॅम्पल हे नव्या लॉटपेक्षा कडक आहे.” म्हणजे नवा माल सॅम्पलपेक्षाही मऊ! त्यांनी खुशीत ‘ओके’ पाठवलं. माल पोचला आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. बावीस जोड परत. येण्याजाण्याचं कुरिअर माझ्या खिशातून. त्या मॅडमनी पुन्हा कधी ऑर्डर दिली नाही.

मी खोटं बोललो नव्हतो, उलट खरं सांगायला गेलो होतो. पण एका शब्दाची जागा चुकली आणि खऱ्याचं खोटं झालं. बीबीएला तीन वर्षं इंग्रजीत प्रेझेंटेशन दिलेला माणूस मी! तेव्हापासून हा विषय मी मनावर घेतलाय.

गोंधळ होतो कुठं?

मराठीत ‘पेक्षा’ हा शब्द ज्याच्याशी तुलना करायची त्याच्या *नंतर* येतो: ‘सॅम्पलपेक्षा’. इंग्रजीत ‘दॅन’ त्याच्या *आधी* येतो: ‘दॅन द सॅम्पल’. मराठी वाक्यातला एकेक शब्द काढून तिथं इंग्रजी शब्द बसवत गेलं की अर्थ बरोबर उलटा होतो. माझं तेच झालं.

दुसरा फरक विशेषणाचा. मराठीत ‘मऊ’ हा शब्द कायम ‘मऊ’च राहतो. ही मऊ आहे, त्यापेक्षा ही मऊ आहे, सगळ्यांत ही मऊ आहे. इंग्रजीत मात्र विशेषण स्वतःच रूप बदलतं: ‘सॉफ्ट’, ‘सॉफ्टर’, ‘सॉफ्टेस्ट’.

यासाठी एक साचा पाठ करा. माझ्या काउंटरवर मी तो चिकटवलाय:

जिच्याबद्दल बोलतोय ती वस्तू + इज + बदललेलं विशेषण + दॅन + दुसरी वस्तू

‘द न्यू लॉट इज हार्डर दॅन द सॅम्पल.’ बस. एवढं लिहिलं असतं तर माझे बावीस जोड वाचले असते.

आणि ‘दॅन’चं स्पेलिंग बघा. मधलं अक्षर ‘ए’ पाहिजे. ‘ई’ टाकलं तर ‘देन’, म्हणजे ‘मग’. घाईत टाइप करताना ही चूक लय होते आणि मोबाइल ती पकडतोच असं नाही.

तीन पायऱ्या

पहिली पायरी: एकाच वस्तूबद्दल बोलायचं. ‘धिस चप्पल इज सॉफ्ट.’
दुसरी पायरी: दोघांत तुलना. ‘धिस चप्पल इज सॉफ्टर दॅन दॅट वन.’
तिसरी पायरी: तीन किंवा जास्त वस्तूंमध्ये एक वरचढ. ‘धिस इज द सॉफ्टेस्ट चप्पल इन अवर शॉप.’

तिसऱ्या पायरीला आधी ‘द’ विसरायचा नाही. आणि कशामध्ये सगळ्यांत मऊ, हेही शक्यतो सांगायचं: ‘इन अवर शॉप’, ‘ऑफ ऑल थ्री’.

हे काही परकं प्रकरण नाही बरं का. शाळेत लसावि-मसावि शिकलोय ना आपण? लघुतम सामाईक विभाज्य, महत्तम सामाईक विभाजक. त्यातला ‘तम’ म्हणजे ही तिसरी पायरी. लघु, लघुतर, लघुतम. यालाच ‘तर-तम भाव’ म्हणतात. ‘परिस्थिती बदतर झाली’ म्हणतो, त्यात फारसीतून आलेला ‘तर’ बसलाय.

आणखी एक गंमत. संस्कृतमध्ये तिसऱ्या पायरीला ‘इष्ठ’ हाही प्रत्यय लागतो: श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ. हा ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ हे भाषाशास्त्रात सख्खे भाऊ मानले जातात. आपला ‘स्वादिष्ट’ मुळात ‘स्वादिष्ठ’, म्हणजे सगळ्यांत गोड. इंग्रजीत त्याचाच भाऊबंद ‘स्वीटेस्ट’. तेव्हा इंग्रजीला घाबरायचं कारण नाही, लांबचं का होईना नातं आहे.

‘अर’ लावायचा की ‘मोर’?

सोपा उपाय: शब्द मोठ्यानं म्हणा आणि टाळ्या मोजा.

एक टाळी: शेवटी ‘अर’ आणि ‘एस्ट’. सॉफ्ट–सॉफ्टर–सॉफ्टेस्ट. स्ट्राँग–स्ट्राँगर–स्ट्राँगेस्ट. थिन–थिनर–थिनेस्ट. ‘थिन’ आणि ‘बिग’सारख्या शब्दांत शेवटचं अक्षर दोनदा लिहायचं, एवढं लक्षात ठेवा.

दोन टाळ्या आणि शेवटी ‘वाय’: ‘वाय’ काढून ‘आय’ टाका, मग ‘अर’. हेवी–हेवियर–हेवियस्ट. ईझी–ईझियर–ईझियस्ट. डबल तळाची चप्पल ‘हेवियर’, ‘मोर हेवी’ नाही.

तीन किंवा जास्त टाळ्या: शब्दाला हात लावायचा नाही, आधी ‘मोर’ किंवा ‘मोस्ट’. मोर ड्युरेबल, मोर कम्फर्टेबल, मोर एक्स्पेन्सिव्ह. ‘कम्फर्टेबलर’ असा शब्द नाही.

दोन टाळ्यांचे बाकीचे शब्द: इथं थोडं मिश्रण आहे. नॅरो–नॅरोअर, सिंपल–सिंपलर चालतं. पण ‘फुल’ किंवा ‘लेस’नं संपणाऱ्या शब्दांना ‘मोर’च: मोर युजफुल. ‘मॉडर्न’लाही ‘मोर मॉडर्न’च म्हणतात. अडलात तर ‘मोर’ लावा, निदान गिऱ्हाईकाला अर्थ कळेल.

आणि काही शब्द कुठल्याच रांगेत उभे राहत नाहीत. ते पाठच करायचे:

गुड – बेटर – बेस्ट
बॅड – वर्स – वर्स्ट
लिटल – लेस – लीस्ट
मेनी किंवा मच – मोर – मोस्ट

‘मोर बेटर’चा आजार

आता मूळ दुखणं. ‘मोर बेटर’, ‘मोर चीपर’, ‘मोस्ट बेस्ट’. महाद्वार रोडवर एक फेरी मारली तरी असलं इंग्रजी दिसतं. मीही लिहिलंय.

आपण असं का लिहितो? कारण मराठीत आपण डबल घालतोच. ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो. श्रेष्ठ म्हणजेच सगळ्यांत चांगला, वर परत ‘सर्व’! ‘जास्त चांगलं’, ‘अजून स्वस्त’ ही तर रोजची भाषा. तीच सवय इंग्रजीत उतरते. पण ‘बेटर’च्या पोटात ‘मोर’ आधीच आहे. चहात साखर घातलेली असताना परत साखर घातल्यासारखं होतं.

“पण सर, जोर द्यायचा असला तर?” तेव्हा ‘मच’ वापरा: मच बेटर, मच सॉफ्टर. थोडाच फरक असेल तर ‘अ लिटल’: अ लिटल हार्डर. ‘व्हेरी’ मात्र इथं चालत नाही. ‘व्हेरी बेटर’ चूक, ‘मच बेटर’ बरोबर.

‘अ लिटल’ हा शब्द मला फार आवडतो. खरा दुकानदार फरक मापून सांगतो. ‘द न्यू लॉट इज अ लिटल हार्डर दॅन द सॅम्पल, बट इट विल गेट सॉफ्टर विथ युज.’ यात खरंही सांगितलं आणि दिलासाही दिला.

बरोबरी कशी सांगायची?

बरोबरीला ‘ॲज … ॲज’. मध्ये विशेषण जसंच्या तसं, ‘अर’ नाही, ‘मोर’ नाही. ‘धिस लेदर इज ॲज थिक ॲज द सॅम्पल.’ म्हणजे जाडी सारखीच.

‘नॉट’ लावलं की कमीपणा येतो, पण सौम्यपणे: ‘धिस इज नॉट ॲज सॉफ्ट ॲज द सॅम्पल.’ याचा अर्थ ‘कडक आहे’च होतो, पण कानाला बरा लागतो. स्वतःच्या मालातली उणीव सांगताना ही रचना कामाला येते.

दुसरी वाट ‘लेस’ची: ‘मशीनमेड चप्पल इज लेस एक्स्पेन्सिव्ह दॅन द हँडमेड वन.’ मोठ्या शब्दांबरोबर ‘लेस’ छान बसतो. लहान शब्दांबरोबर ‘नॉट ॲज’ बरा.

कोटेशन लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. सुपीरियर, इन्फीरियर, सीनियर, जुनियर हे शब्द लॅटिनमधून आलेत. त्यांच्यापुढं ‘दॅन’ नाही, ‘टू’ येतो. ‘अवर लेदर इज सुपीरियर टू सिंथेटिक मटेरियल.’ ‘मोर सुपीरियर’ही नको.

‘चीप’ म्हणजे स्वस्त, पण तेवढंच नाही

आपल्या वहीत ‘चीप’ म्हणजे स्वस्त. इंग्रजीत मात्र त्याला ‘हलक्या दर्जाचं’ असाही वास येतो. स्वतःच्या मालाला ‘चीप चप्पल’ म्हणणं म्हणजे ‘टुकार चप्पल’ म्हणण्याच्या जवळ जातं. ‘अफोर्डेबल’ किंवा ‘लो प्राइस’ लिहा.

आणि किंमत कधीच ‘चीपर’ नसते. वस्तू ‘चीपर’ असते, किंमत ‘लोअर’ असते. ‘अवर प्राइस इज लोअर’ बरोबर, ‘अवर प्राइस इज चीपर’ चूक. मराठीत आपण ‘किंमत स्वस्त आहे’ म्हणून जातो, तिथनंच ही चूक येते.

तुलना कुणाची कुणाशी, ते नीट बघा

‘अवर प्राइस इज लोअर दॅन ऑनलाइन शॉप्स.’ बरोबर वाटतं ना? पण इथं आपण किमतीची तुलना दुकानांशी केली. किंमत किमतीशी लावा: ‘अवर प्राइस इज लोअर दॅन ऑनलाइन प्राइसेस.’

दुसरी गफलत: ‘अवर शॉप इज बेटर दॅन एनी शॉप इन कोल्हापूर.’ अहो, तुमचं दुकानही कोल्हापुरातच आहे! म्हणजे तुम्ही स्वतःपेक्षाही चांगले झालात. ‘एनी अदर शॉप’ लिहा. त्या एका ‘अदर’नं वाक्य सुधारतं.

तिसरी गोष्ट: काही विशेषणांना पायऱ्याच नसतात. ‘ओरिजिनल’ घ्या. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. तो महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून आहे: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे. आता चप्पल एक तर त्या मानांकनात बसते किंवा बसत नाही. ‘मोर ओरिजिनल’ अशी मधली पायरी कुठली? ‘मोस्ट युनिक’, ‘मोर परफेक्ट’ यांचंही तेच. नुसतं ‘ओरिजिनल’ लिहिलं तर ते जास्त वजनदार वाटतं.

बोर्डवर ‘बेस्ट’ लिहावं का?

आता मुद्द्याचं. ‘जगात भारी, कोल्हापुरी’ हे आपलं लाडकं वाक्य. इंग्रजीत केलं तर ‘द बेस्ट इन द वर्ल्ड’. अभिमान म्हणून ठीक आहे. माल विकायला ते किती उपयोगी पडतं?

आधी कायदा थोडक्यात. १९९९ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात निळीच्या जाहिरातीवरून खटला झाला होता. रॉबिन ब्लू बनवणारी कंपनी उजालाच्या जाहिरातीविरुद्ध गेली होती. न्यायालयानं सांगितलेल्या तत्त्वांचं सार असं: आपला माल सगळ्यांत चांगला म्हणा, दुसऱ्यापेक्षा चांगला म्हणा, तुलनाही करा, पण तसं करताना दुसऱ्याचा माल वाईट आहे असं म्हणून त्याची बदनामी करायची नाही. बघा, ‘बेटर’ चालतं, पण समोरच्याला ‘बॅड’ म्हटलं की अडचण.

त्यानंतर ग्राहकाच्या बाजूनं नियम आणखी कडक झाले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. जाहिरात क्षेत्राची स्वतःची संस्था ॲस्की १९८५ पासून आहे. तिचीही भूमिका हीच की तुलना करायची तर ती खरी आणि सिद्ध करता येण्यासारखी हवी. आपलं छोटं दुकान, आपल्याला कोण विचारतंय, असं म्हणून सोडू नका. ऑनलाइन यादी टाकली की तीही जाहिरातच.

पण मी कायद्याच्या भीतीनं हे सांगत नाही. माझा अनुभव सांगतो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावरून केवढी चर्चा झाली ते तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवसांत परराज्यातल्या बऱ्याच लोकांनी इंग्रजीत चौकशा केल्या. त्यांना ‘बेस्ट क्वालिटी’ लिहून पाठवलं की पुढं उत्तर येत नव्हतं, कारण सगळेच ‘बेस्ट’ पाठवतात. मग मी दुसऱ्या पायरीवर उतरलो:

‘द हँडमेड वन इज हेवियर अँड मोर एक्स्पेन्सिव्ह दॅन द मशीनमेड वन. इट इज हार्डर इन द फर्स्ट वीक. बट इट इज मोर ड्युरेबल.’

चार तुलना, त्यातल्या तीन माझ्याच मालाच्या विरोधात जाणाऱ्या. आणि समोरून प्रश्न यायला लागले: मापं काय, किती जोड, कधी पाठवाल. गिऱ्हाईकाला ‘बेस्ट’ तपासता येत नाही. ‘हेवियर’ तपासता येतं, तराजूवर ठेवून. ‘दॅन’ लिहिला की पुढं कशापेक्षा ते सांगावंच लागतं, आणि ते सांगितलं की माणूस विश्वास ठेवतो.

म्हणून माझा नियम: ‘एस्ट’ आणि ‘मोस्ट’ मोजून वापरा, तेही हद्द घालून. ‘द सॉफ्टेस्ट इन द वर्ल्ड’पेक्षा ‘द सॉफ्टेस्ट इन अवर शॉप’ लिहा. ते खरं असतं आणि दुकानात उभ्या गिऱ्हाईकाला तेच पाहिजे असतं.

गृहपाठ

खालची पाच वाक्यं दुरुस्त करा. उत्तरं न बघता आधी प्रयत्न करा हं.

१. अवर गूळ इज मोर स्वीटर दॅन शुगर.
२. धिस साडी दॅन दॅट साडी हेवी.
३. अवर प्राइस इज चीपर दॅन मॉल.
४. धिस पायल इज ॲज लाइटर ॲज दॅट वन.
५. धिस इज मोस्ट ओल्डेस्ट शॉप इन इचलकरंजी.

उत्तरं:

१. ‘मोर’ काढा, एक टाळीच्या शब्दाला ‘अर’ पुरे: ‘स्वीटर दॅन शुगर’. व्याकरण सुधारलं, पण हे खरं आहे का, तेही स्वतःला विचारा!
२. ‘धिस साडी इज हेवियर दॅन दॅट साडी.’ ही माझी हैदराबादची चूक.
३. ‘अवर प्राइस इज लोअर दॅन मॉल प्राइसेस.’
४. ‘ॲज लाइट ॲज’. बरोबरीत ‘अर’ येत नाही.
५. ‘द ओल्डेस्ट शॉप’. आणि तसा दाखला हाताशी असेल तरच लिहा.

शेवटचं काम. तुमच्या स्वतःच्या दोन वस्तू समोर ठेवा आणि त्यांच्यावर तीन तुलनेची वाक्यं इंग्रजीत लिहा. त्यातलं एक वाक्य महागड्या वस्तूच्या विरोधात गेलंच पाहिजे. लिहून झाल्यावर घरातल्या शिकणाऱ्या पोराला वाचायला द्या आणि विचारा, “कोणती वस्तू जड आहे?” त्यानं बरोबर वस्तूकडं बोट दाखवलं तर वाक्य पाठवायला हरकत नाही. मी आजही मोठी ऑर्डर असली की पुतणीकडनं हे करून घेतो.

पुढच्या भागात कोटेशनचा मेल कसा लिहायचा ते बघू. तोपर्यंत ‘मोर बेटर’ बंद!